चतुःसीमा

"ही जमीन कोणाची?" शेवाळे साहेबांनी विचारलं.

मी तो प्रश्न आमच्या बोलीत नुरजीला सांगितला. नुरजी टेबलासमोर उकिडवा बसला होता. साहेबांनी आणलेली घडीची खुर्ची त्याने हाताने चाचपून पाहिली होती आणि बाजूला सरकवली होती.

"गावाची," तो म्हणाला.

"गावाची," मी मराठीत म्हटलं.

"ते झालं गं. पण हा कसतो ती जमीन कोणाची?"

"यंदा मी कसली," नुरजी म्हणाला. "पुढल्या वर्षी दुसरा कोणी कसेल."

साहेबांनी चष्मा काढून धोतरासारख्या मोठ्या रुमालाने पुसला. बाजूला बसलेला कारकून भावसार रजिस्टरवर पडलेली मोहाची फुलं बोटाने उडवत होता. होळी होऊन आठ दिवस झाले होते आणि झाड नुसतं गळत होतं.

केवडीपाणी हे सातपुड्यातलं आमचं गाव. सव्वीस घरं, सगळी पावरा आदिवासींची. खाली नदीवर धरण बांधत होते आणि दोन-तीन वर्षांत पाणी आमच्या खळ्यापर्यंत चढणार होतं. म्हणून कोणाचं काय बुडणार याची यादी करायला साहेब आले होते. मी, खियाली, तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आश्रमशाळेत राहून बारावी झालेली गावातली पहिली मुलगी. मराठीत सांगायचं आणि मराठीतून समजून घ्यायचं काम म्हणून माझ्याकडे आलं. मला त्या दिवशी सकाळी फार मोठं वाटत होतं. आईने माझ्या केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती.

"त्याला विचार, चतुःसीमा काय?" साहेब म्हणाले. "पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला, दक्षिणेला."

मी विचारलं. नुरजीने हात उचलून दाखवलं. "तिकडे डोंगर. तिकडे नदी. हा नाला. तो पलीकडचा गाव, तिथे आमचं संपतं."

"ही गावाची सीमा झाली. ह्याच्या शेताची?"

"माझं वेगळं कुठे आहे?" नुरजी म्हणाला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नव्हता, असं मला वाटलं.

आमच्याकडे होळीनंतर जाणती माणसं एक दिवस बसायची. कोणाच्या घरात तोंडं वाढली, कोणाचा बैल मेला, कोणाची सून बाळंत व्हायची आहे, हे बघून त्या वर्षाची शेतं ठरायची. ज्याच्याकडे माणसं जास्त त्याला मोठं शेत. खडकाळ पट्टी ज्याच्या वाट्याला आली त्याला पुढल्या वर्षी नाल्यावरची काळी जमीन. आणि पेरणीला, कापणीला लाह बोलवायची. म्हणजे ढोल वाजवायचा, सगळ्या घरांतून माणसं यायची, आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. ज्याच्या शेतात काम, त्याच्या घरची भाकर. नुरजी त्या जाणत्यांमधला मोठा. माझ्या वडिलांचा चुलता. वडील गेल्यापासून मी त्याला मोठा बा म्हणायचे. आमच्या बोलीत मोठ्या माणसालाही 'तू'च म्हणतात.

साहेबांनी अर्धा तास प्रयत्न केला. शेवटी त्यांनी भावसारला खूण केली. भावसारने नुरजीच्या नावापुढे एक शब्द लिहिला आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे केला. नुरजीने अंगठा दिला, उठला, आणि झाडाच्या बुंध्याशी जाऊन अंबाडीचा दोर वळायला बसला.

"चहा घेऊ," साहेब म्हणाले. मग मला म्हणाले, "तू इकडे ये जरा."

आम्ही जीपपाशी गेलो. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काय लिहिलं ते वाचलंस का?"

"निरंक."

"म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"नाही."

"काही नाही. शून्य. पाण्याखाली ह्याचं काहीच जात नाही, असा त्याचा अर्थ. आणि ज्याचं काही जात नाही त्याला सरकार जमीन कशाला देईल?"

"पण साहेब, जमीन आहे ना. समोर दिसतेय. सगळ्यांची आहे."

"'सगळ्यांची' असा रकाना नाही, पोरी. मी अशी बरीच गावं केली. सहा महिन्यांत मी निवृत्त होतोय. मला जे सांगितलं जाईल ते मी लिहीन. मोजायला मी वर चढणार नाही, माझे गुडघे गेलेत. दुपारी पुढची नावं घेऊ. तोवर तुझ्या माणसांशी बोल."

"आणि मोठ्या बाचं? नुरजीचं?"

"पहिलं पान झालं. अंगठा पडला. निरंक खोडून तिथे जमीन घातली की वर पूर्ण यादी अडकते."

मी धावतच झाडाखाली आले. जाणती माणसं गोल करून बसली होती. रेहज्या होता, खात्र्या होता, दित्या होता. मी त्यांना निरंकचा अर्थ सांगितला.

"मग काय सांगायचं?" रेहज्याने विचारलं.

"ज्याने त्याने एकेक पट्टी आपली म्हणून सांगायची."

"कोणती?"

"कोणतीही."

"आणि यंदाची वाटणी? ती व्हायचीच आहे अजून."

"ती वेगळी, काका. ही नुसती कागदावर."

खात्र्या हसला. "कागदावर गाव फोडायचं आणि खाली एकत्र राहायचं?"

सगळ्यांनी नुरजीकडे पाहिलं. तो दोर वळत होता. पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोर तसाच ताणून धरत तो म्हणाला, "जी गोष्ट नाही ती आहे म्हणून मी सांगणार नाही. मी सांगितलं ते खरं सांगितलं. तुम्हीही तेच सांगा."

"मोठ्या बा, कोणालाच काही मिळणार नाही."

"ऐकलं मी," तो म्हणाला. "तू जा, बस तिथे. भाकर खाऊन घे आधी."

मी भाकर खाल्ली नाही. आईने आणून दिलेली तशीच फडक्यात राहिली. मी आमच्या घरांकडे बघत बसले. कोणाच्या अंगणात कोणाचं पोर रांगत होतं, तेही तिथे विचारायची गरज पडत नसे. दोन वर्षांनी ही सगळी माणसं कुठे जातील, असा विचार केला की मला तालुक्याचा एसटी स्टँड दिसायचा. गाठोडी घेऊन बसलेली माणसं. दुसरं काही दिसायचंच नाही.

दुपारी पहिला रेहज्या आला. टेबलासमोर बसला.

"जमीन कोणाची?"

"गावाची," रेहज्या म्हणाला.

मी मराठीत म्हटलं, "टेकाची पट्टी, साहेब. तीन एकर. पूर्वेला खात्र्या, पश्चिमेला पायवाट, उत्तरेला डोंगर, दक्षिणेला दित्या."

साहेबांनी मान वर केली नाही. "लिहा भावसार," म्हणाले.

रेहज्या माझ्याकडे बघत होता. "मी एवढंसंच बोललो. तू एवढं काय बोललीस?"

"साहेबाला समजावून सांगावं लागतं, काका."

"बरं," तो म्हणाला आणि अंगठा दिला.

मग खात्र्या. मग दित्या. प्रत्येक जण येत होता, बसत होता, गावाची म्हणत होता, आणि मी त्याला एक शेत देत होते. मनात सगळं गाव धरून ठेवावं लागत होतं. रेहज्याच्या पूर्वेला खात्र्या सांगितला होता, तर खात्र्याच्या पश्चिमेला रेहज्याच आला पाहिजे. पळसाची पट्टी दोनदा जाता कामा नये. कपाळावर घाम येत होता. एकदा चुकले आणि साहेबांनी नुसतं म्हटलं, "दक्षिणेला पुन्हा बघ." मी पुन्हा बघितलं. नुरजी पंधरा पावलांवर दोर वळत बसला होता. त्याच्या शेताशेजारी मला कुणाचं शेत सांगता येत नव्हतं, कारण कागदावर त्याचं शेतच नव्हतं. जिथे त्याने यंदा ज्वारी काढली होती तिथे मी दोन माणसं सरकवून भरून काढली.

अकरावा माझा भाऊ आला, शिलदार. तो तीन वर्षं ऊसतोडीला गेला होता, मराठी त्याला चांगलं समजत होतं. मागे रांगेत उभा राहून तो सगळं ऐकत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"गावाची," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलीत म्हणाला. मग सही करायला वाकला आणि खालच्या आवाजात मराठीत म्हणाला, "नाल्यावरची सांग."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या दोन मुली होत्या, तिसरं पोटात होतं. नाल्यावरची काळी जमीन ही गावातली सगळ्यात चांगली. ती दर वर्षी एका घरी जायची आणि ज्या घरी जायची त्या घराचं ते वर्ष बरं जायचं. ती मी कोणालाच सांगितली नव्हती. शेवटी कोणाला तरी द्यावी लागणार होती.

"चार एकर," मी म्हटलं. "दक्षिणेला नाला."

तो उठून गेला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही बघितलं नाही.

सगळी घरं संपायला चार वाजले. तेव्हा भावसार म्हणाला, "साहेब, एक घोळ आहे. ही डेमकीबाई कोण? घरातली माणसं सांगताना सगळ्यांनी सांगितलंय, ती आमच्यात आहे म्हणून. प्रत्येक घरात एक डेमकी आहे."

साहेब पहिल्यांदा वैतागले. "एकच म्हातारी सगळ्या घरांत घातली? खियाली, असं करू नका. असं केलं की सगळंच खोटं ठरतं."

डेमकी डोही ही गावातली सगळ्यात म्हातारी बाई. डोही म्हणजे आजी. नवरा फार वर्षांपूर्वी वाघाने नेला होता, मूल नव्हतं. तिची झोपडी एका पावसात पडली तेव्हा लोक बांधून द्यायला निघाले, तर तीच नको म्हणाली. तेव्हापासून ती एक दिवस एका घरी राहायची. आज या घरी जेवण आणि झोप, उद्या पुढच्या घरी. सव्वीस दिवसांनी पुन्हा पहिलं घर. ती येणार त्या दिवशी पोरं खूश असायची, कारण तिला गोष्टी फार यायच्या.

"तिचं घर कोणतं ते एक ठरवा," साहेब म्हणाले. "मी त्या कुटुंबात तिचं नाव घालतो. बाकीच्यांतून काढतो."

मी लोकांना सांगितलं. कोणत्या तोंडाने कोण म्हणणार, की आमच्यातून काढा? दित्याची बायको रागावली. "मागल्या पावसात डोही तापली तेव्हा नऊ दिवस माझ्याकडे होती. माझ्या घरातून का काढायचं?" रेहज्या म्हणाला, "कोणाच्याच घरातून काढायचं नाही. जशी आहे तशी लिही म्हणावं."

"तिलाच विचार," साहेब म्हणाले.

डोहीला पुढे आणलं. ती टेबलाला धरून उभी राहिली. साहेबांकडे बघून हसली.

"डोही, तू कोणाच्या घरची?" मी विचारलं.

"आज खात्र्याची," ती म्हणाली. "उद्या दित्याची."

साहेबांचा पेन तसाच थांबला होता. "काय म्हणते?"

दिवसभर मी सहज खोटं बोलले होते. इथे एकच शब्द बोलायचा होता. आमच्या घरची, साहेब. शिलदारच्या कुटुंबात घाला. तो शब्द अगदी ओठांवर आला होता. पण नाल्यावरची काळी जमीन आमच्याच घरात गेली होती. उद्या लोकांना कळलं, की वर डोहीही आमच्याच घरात घेतली, तिच्या नावाचा काही हक्क असेल तोही आमच्याच घरात आला, तर ते काय म्हणतील, असं माझ्या मनात आलं. आई लांब उभी होती. तिच्याकडे बघितलं तर तिने मान खाली घातली.

"ती सगळ्यांची आहे म्हणते," मी म्हटलं.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मला वाटतं ते माझीच वाट बघत होते. मग त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि पहिल्या पानापासून प्रत्येक घरातलं तिचं नाव एकेक करून खोडलं. "नंतर हरकतीचा अर्ज करा," म्हणाले. "आता अंधार पडायच्या आत घाट उतरायचा आहे."

यादी जूनच्या सुरुवातीला लागली. चार कोसांवरच्या ग्रामपंचायतीत तिथल्या गुरुजींनी ती आमच्या लोकांना वाचून दाखवली. ती मंडळी संध्याकाळी परत आली तेव्हा कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. रेहज्या सरळ आमच्या दारात आला.

"टेकाची पट्टी माझी आहे?"

"कागदावर, काका."

"टेकावर नुसते दगड आहेत."

"कुठेतरी सांगायला हवं होतं."

"आणि नाल्यावरची शिलदारची."

तो उंबऱ्याशी जरा वेळ टेकला. आई पाणी घेऊन आली. तो पाणी प्यायला, त्याने लोटा खाली ठेवला, "बरं," म्हणाला आणि गेला. रेहज्या माझ्या वडिलांचा दोस्त. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही.

त्या वर्षीची वाटणी झाली नाही. जाणती माणसं बसली, पण प्रत्येकाला आता माहीत होतं की कागदावर काय आहे. ज्याची पट्टी कागदावर चांगली तो म्हणायचा, शेवटी जमीन ह्याच्यावरच मिळणार, मग उगाच अदलाबदल कशाला? ज्याची वाईट तो म्हणायचा, खियालीने असं का केलं ते तिने येऊन सांगावं. मी गेले नाही. शिलदारने नाल्यावरच्या जमिनीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आमच्या गावातलं ते पहिलं कुंपण. पोरं ते बघायला जमली. दित्याच्या शेळीचा पाय त्यात फाटला आणि दित्या आणि शिलदार एकमेकांना जे बोलले ते मी इथे सांगणार नाही.

पेरणीला नुरजीने लाहेचा ढोल वाजवला. स्वतः वाजवला, सकाळपासून उन्हं वर येईपर्यंत. पाच घरांतून नऊ माणसं आली. आम्ही गेलो नाही. शिलदार म्हणाला, आपल्यालाच आपलं होत नाही. मी घरात बसून ढोल ऐकत होते. तो थांबला तेव्हा मला बरं वाटलं, हे मी आज कबूल करते.

डोहीच्या हरकतीचा अर्ज घेऊन मी तीनदा तालुक्याला गेले. पहिल्यांदा साहेब बाहेर होते. दुसऱ्यांदा अर्जाला दाखला जोडलेला नव्हता. तिसऱ्यांदा खिडकीतल्या माणसाने यादी उघडून दाखवली आणि विचारलं, "जिचं नावच नाही तिची हरकत कशी घ्यायची, सांग बरं?" शेवाळे साहेब तोवर निवृत्त झाले होते.

पाणी आलं त्याच्या आधल्या उन्हाळ्यात ट्रक आले. ज्यांची शेतं कागदावर नाल्याकडची ते एका वसाहतीत, टेकाकडचे दुसऱ्या, पळसाकडचे तिसऱ्या. कोणाला कुठे पाठवायचं ते यादीवरून ठरलं होतं. म्हणजे त्या दुपारी मी तोंडाने ज्या रेघा ओढल्या त्या रेघांवरच गाव फुटलं. रेहज्या साठ मैलांवर गेला. एकाच बाजूला जे शेजारी दाखवले होते ते नव्या जागीही शेजारी राहिले, आणि जे कागदावर लांब पडले ते पुन्हा भेटले नाहीत. निरंकवाला नुरजी एकटाच होता. त्याला कोणतीच वसाहत नव्हती. तो मुलीच्या सासरी, टेकाकडच्यांच्या वसाहतीत, तिच्या दारात राहायला गेला.

डोहीला आम्ही आमच्या ट्रकमध्ये घेतलं. तिला कोणी विचारलं नाही, तिनेही विचारलं नाही. आमची वसाहत सपाट मैदानावर होती. पत्र्याची घरं, सरळ रांगा, सगळी सारखी. केवडीपाणीची सात घरं आणि बाकीची दुसऱ्या खोऱ्यातली. त्यांची बोली वेगळी, देव वेगळे. पहिले सात दिवस डोही आमच्या सात घरी राहिली. आठव्या दिवशी ती सकाळी उठली आणि पुढच्या घरी गेली. मी शेतात होते. दुपारी आले तर ती रांगेच्या टोकाला एका ओट्यावर बसलेली. पदरात शिळ्या भाकरीचे तुकडे, वर थोडी चटणी. त्या घरची बाई दार लावून आत गेली होती.

"खियाली, ही माणसं चांगली आहेत," डोही मला म्हणाली. "पण आत ये म्हणत नाहीत. नवीन आहेत ना."

मी तिला हात धरून आणलं. संध्याकाळी ती बाई आमच्याकडे आली आणि चांगल्या मनाने म्हणाली, "तुमच्या म्हातारीला असं मागायला पाठवू नका हो. लोक नावं ठेवतात." मी हो म्हटलं. त्यानंतर डोहीला मी घरातच ठेवायचे. ती दाराशी बसून राहायची. दुसऱ्या पावसाळ्यात ती गेली.

नुरजी एकदाच आमच्याकडे आला. वसाहतीला पाच वर्षं झाली होती. दोन एसट्या बदलून आला होता, एकटा. मी तेव्हा अंगणवाडीत लागले होते. पोरांना घरी पाठवून मी पडवी झाडत होते, तर तो समोर उभा. फार वाळला होता. मी पाणी दिलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. कोण आजारी, कोणाच्या पोरीचं लग्न. मग तो म्हणाला, "त्या दिवशी रेहज्याला तू टेक दिलंस. खात्र्याला पळसाची. दित्याला खालची उतरण, पूर्वेला खात्र्या, उत्तरेला रेहज्या."

हे तो आमच्या बोलीत बोलत नव्हता. पूर्वेला, उत्तरेला, हे तो मराठीत म्हणाला. साफ. मी त्या दुपारी म्हटलं होतं तसंच.

मी झाडणी खाली ठेवली. "तुला मराठी येतं?"

"चाळीस वर्षं बाजाराला मोहाची फुलं नेली. येणार नाही का?"

"आणि साहेब विचारत होते तेव्हा?"

"तेव्हाही येत होतं. आपल्या माणसांसमोर आपल्या बोलीत बोलायचं होतं म्हणून बोललो."

"म्हणजे तू सगळं ऐकत होतास. दोर वळत."

"हो."

"मग थांबवलं का नाहीस?"

अंगणात कोंबड्या होत्या, तो त्यांच्याकडे बघत राहिला. "सगळ्यांसमोर मी सांगितलं होतं, नाही ते सांगायचं नाही," तो म्हणाला. "आणि मनात म्हणत होतो, ही पोर सांगतेय ते बरं करतेय. सांगू दे. पोराबाळांना जमीन तरी मिळेल. मला दोन्ही हवं होतं, खियाली. तोंड खरं राहायला हवं होतं आणि जमीनही हवी होती."

"आणि गाव मला बोलत होतं तेव्हा? रेहज्या दारातून उठून गेला तेव्हा?"

"तेव्हा सांगायला हवं होतं."

"एवढंच?"

"आणखी काय सांगू?" तो म्हणाला. "मी थांबवलं असतं तर सगळेच माझ्यासारखे झाले असते. मुलीच्या दारात. नाही थांबवलं तर हे झालं. मी रोज दोन्ही बाजूंनी बघतो. तिसरी बाजू मला सापडत नाही. तुला सापडली का, ते विचारायला आलो."

मला ती सापडली नव्हती. पण मी तसं म्हटलं नाही. इतकी वर्षं मी गाव एकटीने मोडलं असं समजून जगले होते. कोणाच्या लग्नाला गेले नाही, टेकाकडच्या वसाहतीत पाऊल टाकलं नाही. आणि हा माणूस एका शब्दाने मला त्यातून सोडवू शकला असता. संताप इतका आला की मला त्याच्याकडे बघवेना. मी उठून आत गेले, कणगीतले दाणे उगाच सुपात काढले, पाखडायला घेतले. आत असतानाच त्याचा आवाज आला, "जातो मग. चारची गाडी आहे." मी सूप खाली ठेवलं नाही. जेवून जा, असंही म्हटलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या परक्यालाही जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

सुपातले दाणे संपल्यावर मी बाहेर आले. रस्ता लांबपर्यंत सरळ आणि उघडा होता, झाड नव्हतं एकही. तो स्टँडच्या वळणाला पोचला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तीन महिन्यांनी तो गेल्याचा निरोप आला, तोही चौथ्या दिवशी. शिलदार दहाव्याला जाऊन आला. गावात जाणता माणूस गेला की प्रत्येक घरातून एक खांदा द्यायचा, आणि नदीपर्यंतच्या वाटेवर दर थोड्या अंतराने खांदे बदलत जायचं, म्हणजे सव्वीसही घरांनी त्याला थोडा थोडा नेला, अशी रीत होती. त्या वसाहतीत केवडीपाणीची नऊ घरं, पण पुरुष माणसं तेव्हा ऊसतोडीला बाहेर गेलेली. म्हातारेकोतारे मिळून चौघे निघाले. मसणवट दोन मैल लांब होती. शिलदारने तिथे ऐकलेलं सांगितलं, रेहज्या पुढे होता, त्याला धाप लागत होती, पण खांदा बदलायला कोणी नव्हतं.